चित्रावरची खूण

जानेवारी १५१२मध्ये न्यूरेंबर्ग शहराच्या नगरसभेपुढे एक तक्रार आली. टाउन हॉलपाशी एक परगावचा विक्रेता छापील चित्रे विकत होता आणि त्यांतल्या काहींवर आल्ब्रेख्त ड्यूररची खूण होती: रुंद पायांच्या ‘ए’ या अक्षराच्या कमानीखाली बसवलेला छोटा ‘डी’. खूण खोटी होती. नगरसभेने हुकूम काढला की विक्रेत्याने ही खूण सगळ्या चित्रांवरून काढून टाकावी, नाहीतर माल जप्त होईल. नक्कल करायचीच नाही, असे मात्र त्याला कुणी सांगितले नाही. याच्या काही वर्षे आधी मार्कांतोनियो रायमोंदी या इटालियन खोदकाराने ड्यूररच्या ‘मेरीचे जीवन’ या मालेतली सतरा चित्रे तांब्याच्या पत्र्यावर उतरवली होती आणि सोबत ती खूणही जशीच्या तशी उतरवली होती. ड्यूरर तक्रार घेऊन व्हेनिसला गेला, तेव्हा तिथल्या सत्तेने नक्कल करायला मोकळीक ठेवली आणि खूण वापरायला तेवढी बंदी केली, असे जॉर्जो वासारीने पुढे कलावंतांच्या चरित्रांत लिहिले. वासारीने दोन चित्रमालांची गल्लत केली आहे, म्हणून त्याच्या हकिकतीवर सगळा भार टाकता येत नाही. पण छापच बोलतात. मार्कांतोनियोने नंतर ड्यूररच्या ‘छोट्या पॅशन’ मालेच्या नकला केल्या, त्यांत चित्रे आहेत आणि खूण नाही.

फोटोवर आपला लोगो टाकणाऱ्या आजच्या छायाचित्रकाराला हा निवाडा चमत्कारिक वाटेल. त्याच्या लेखी वॉटरमार्क म्हणजे चोरीविरुद्धचा बंदोबस्त. लग्नाचे, गडकिल्ल्यांचे, पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस फोटोशॉपमध्ये किंवा गिंपमध्ये लोगोची पारदर्शक फाइल फोटोवर ठेवतो, ती हवी तेवढी पुसट करतो, आणि फोटो आता सुरक्षित झाला असे धरून चालतो. या प्रथेचा सातशे वर्षांचा इतिहास तसे सांगत नाही. चित्रावरच्या किंवा कागदावरच्या खुणेने नक्कल थांबली, असे कोणत्याच काळात घडलेले दिसत नाही. खूण उपयोगी पडली ती साक्षीदार म्हणून: माल कुणाच्या हातचा, कुठल्या गावचा, केव्हाचा, हे सांगण्यासाठी. तिच्याकडून कुलपाचे काम घ्यायला गेले की चित्र बिघडते आणि कुलूपही उघडते. हे म्हणणे पुराव्यावर घासून पाहायला हवे, कारण त्यावर खुणेचा आकार, जागा आणि रूप अवलंबून आहे.

वॉटरमार्कची सुरुवात मध्य इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागद गिरण्यांत झाली. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध हा तिचा काळ आणि सर्वांत जुन्या खुणेचे साल साधारणपणे १२८२ मानतात. कागद बनवणारा कारागीर लाकडी चौकटीत ताणून बसवलेली धातूच्या तारांची जाळी चिंध्यांच्या लगद्यात बुडवायचा आणि आडवी धरून वर काढायचा. पाणी खाली गळून जायचे, तंतू जाळीवर पसरायचे. जाळीवर एखादी बारीक तार वाकवून, तिचा क्रूस, घंटा, सुरई किंवा बैलाचे डोके करून, त्याहून बारीक तारेने शिवून टाकली की त्या रेषेवर लगद्याचा थर किंचित पातळ बसतो. वाळलेला कागद उजेडासमोर धरला की ती रेषा उजळ दिसते. शाई लागत नाही, रंग लागत नाही; खूण कागदाच्या अंगातच असते. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरला जो हातकागद बनला, त्यात अशी आकृती सापडत नाही. त्या परंपरेतली चाळणी गवताच्या काड्यांची, गुंडाळता येईल अशी लवचिक असे. ताठ तारेची जाळी होती तिथेच तारेची आकृती शिवणे सुचले. एखादी मोठी प्रथा हत्याराच्या अशा साध्या गुणातून उगवते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या खुणेचे काम काय, हे त्या काळच्या एका कायदेपंडिताने लिहून ठेवले आहे. बार्तोलो दा सासोफेरातो हा चौदाव्या शतकातला रोमन कायद्याचा सर्वांत मोठा भाष्यकार. चिन्हे आणि ढाली यांवरच्या त्याच्या छोट्या ग्रंथात फाब्रियानोचा उल्लेख येतो: तिथे कागदाच्या पुष्कळ गिरण्या आहेत, काहींचा कागद इतरांहून सरस असतो, आणि प्रत्येक तावावर एक खूण असते जिच्यावरून तो कोणत्या गिरणीचा हे ओळखता येते. म्हणून खुणेचा हक्क गिरणी ज्याच्या ताब्यात असेल त्याचा, असे त्याचे मत. बार्तोलोच्या डोक्यात चोरी नाही. दुसऱ्या गावच्या गिरणीने तसाच कागद बनवू नये, असे तो म्हणत नाही. विकत घेणाऱ्याला चांगला कागद कुठला आणि हलका कुठला हे कळावे आणि दुसऱ्याच्या नावावर कुणी हलका माल खपवू नये, एवढीच त्याची चिंता आहे. न्यूरेंबर्गच्या नगरसभेची चिंता दीडशे वर्षांनंतर हीच होती.

साक्षीदाराचे हे काम खुणेने कारागिरांच्या कल्पनेपलीकडे केले. जिनिव्हाच्या शार्ल-मोईझ ब्रिके याने युरोपातल्या दफ्तरखान्यांत बसून तारखा घातलेल्या कागदांवरच्या खुणा हाताने उतरवल्या आणि १९०७मध्ये १६,११२ खुणांचा चार खंडी कोश प्रसिद्ध केला. तारीख नसलेले हस्तलिखित समोर आले की त्यातली खूण या कोशाशी ताडून पाहायची, ही रीत तेव्हापासून पक्की झाली. अमेरिकन ग्रंथशास्त्रज्ञ ॲलन स्टीव्हनसन याने पुढची पायरी गाठली. कारागीर दोन साचे आलटून पालटून वापरत, त्यामुळे एकाच खुणेच्या दोन जुळ्या आवृत्त्या असतात, हे त्याने दाखवून दिले. शिवाय साचा वापरात असताना शिवण सैल होते, तार सरकते, वाकते, एखादा टाका तुटतो. म्हणजे एकच खूण महिन्या-महिन्याला थोडी वेगळी दिसते. ‘मिसाले स्पेसियाले’ नावाचे एक छापील प्रार्थनापुस्तक गुटेनबर्गच्या बायबलच्याही आधीचे आहे, असा दावा काही विद्वान करत होते. स्टीव्हनसनने त्याच्या कागदातल्या खुणांच्या या अवस्था तपासल्या आणि पुस्तक १४७३च्या सुमाराचे ठरवले. तारेच्या सैल टाक्यांनी युरोपातल्या पहिल्या छापील पुस्तकाविषयीचा वाद मिटवला. खुणेतला हा छोटासा विस्कळीतपणा पुढे पुन्हा महत्त्वाचा ठरणार आहे.

इथे पहिला आक्षेप येतो: साक्षीदारच खोटा उभा केला तर? विल्यम हेन्री आयर्लंड या लंडनच्या तरुणाने १७९०च्या दशकात शेक्सपिअरची पत्रे आणि कागदपत्रे बनवली. एलिझाबेथ राणीच्या काळी सुरईची खूण असलेला कागद चालत असे, हे त्याच्या कानावर आले. मग त्याने जुन्या वह्या-पुस्तकांतले कोरे ताव मिळवले, सुरईचे ताव वेचून काढले, आणि संशय येऊ नये म्हणून त्यांत खूण नसलेले कोरे तावही मिसळले. पुष्कळ जाणकार फसले. एडमंड मेलोनने १७९६मध्ये त्याचे पितळ उघडे पाडले ते मुख्यतः भाषा, शुद्धलेखन आणि तारखा यांच्या बळावर. यातून दिसते ते एवढेच की एकट्या खुणेवर निकाल देता येत नाही. कोर्टातही एका साक्षीदारावर सगळे सोडत नाहीत, म्हणून साक्ष घेणे कुणी बंद केलेले नाही. उलट, आयर्लंडला खरा जुना कागद शोधत हिंडावे लागले, हेच खुणेचे वजन दाखवते. ज्या खुणेला किंमत नाही तिची नक्कल कोण कशाला करील?

खूण आणि मालकी यांची कायद्याने गाठ घातली ती इंग्लंडमध्ये, विल्यम होगार्थच्या खटपटीतून. त्याच्या चित्रांच्या स्वस्त नकला काढून लंडनचे छपाईवाले पैसा करत होते. होगार्थने इतर खोदकारांना बरोबर घेऊन पार्लमेंटकडे अर्ज केला, १७३५चा कायदा मंजूर करून घेतला, आणि तो २४ जूनला लागू होईपर्यंत ‘उधळ्याची वाटचाल’ ही आपली नवी आठ चित्रांची माला विक्रीला काढलीच नाही. या कायद्याने खोदकाराला चौदा वर्षांचा हक्क दिला, पण अट घातली: प्लेटवर मालकाचे नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरलेली हवी, आणि ती प्रत्येक छापावर उमटलेली हवी. बारकाईने पाहिले तर इथेही नकलेला अडवणारी गोष्ट कायदा आहे. नावाची ओळ त्या कायद्याला पत्ता पुरवते. कुणाचे, केव्हापासून, हे सांगते. ती चित्राच्या खाली, पांढऱ्या पट्टीत बारीक अक्षरांत असते. चित्राला धक्का लागत नाही. होगार्थसारखा भांडखोर, आपल्या हक्कासाठी पार्लमेंटपर्यंत गेलेला माणूस. त्यालाही चित्राच्या मधोमध नाव घालावेसे वाटले नाही.

फोटोग्राफी आली तेव्हा खुणेला नवी जागा मिळाली. मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्यांनी या शहरात स्टुडिओ थाटले. छोट्या आकाराच्या व्यक्तिचित्रांच्या मागच्या बाजूला स्टुडिओचे नाव, पत्ता, पदके, राजचिन्हे असा सगळा सरंजाम छापण्याची पद्धत युरोपातून इथेही आली. मोठ्या फोटोंवर पुठ्ठ्याच्या कडेला शाईविना उठावाचा ठसा मारत. पण सर्वांत महत्त्वाची जागा होती काचेची निगेटिव्ह. सॅम्युएल बोर्नच्या हिमालयाच्या फोटोंत खालच्या कोपऱ्यात ‘बोर्न’ आणि एक आकडा दिसतो, तो कागदावर लिहिलेला नाही. निगेटिव्हवर लिहिलेला आहे, म्हणून छापागणिक आपोआप उमटतो. काचेवरचा लेप कागदाला चिकटवून छाप काढत असल्याने लेपावर लिहायचे ते उलट्या अक्षरांत, आरशात वाचल्यासारखे, लिहावे लागे. लेप खरवडून लिहिले तर छापात काळी अक्षरे येत. दाट शाईने लिहिले तर त्या जागी उजेड अडून पांढरी येत. म्हणजे कारागिराला आधी ठरवावे लागे: कोपऱ्यात गडद झाडी आहे की फिकट बर्फ, आणि त्यानुसार खरवडायचे की शाई लावायची. आज लोगोची काळी फाइल वापरायची की पांढरी, हा प्रश्न सॉफ्टवेअरसमोर बसलेल्या माणसाला पडतो, तो नेमका हाच.

राजा दीनदयाळ यांच्या कामात या खुणांची साक्ष किती बारीक असू शकते ते दिसते. १८४४मध्ये सरधन्याला जन्म, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिक्षण, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी, मग सिकंदराबाद आणि निजामाचा दरबार, १८९६मध्ये मुंबईत स्टुडिओ, असा त्यांचा प्रवास. त्यांच्या पुष्कळ निगेटिव्हवर ‘लाला दीनदयाळ’ हे नाव आणि क्रमांक आहे. ‘राजा’ हा किताब निजामाकडून नंतर मिळाला. एखाद्या छापाच्या आत ‘लाला’ असेल आणि त्याच्या पुठ्ठ्यावर ‘राजा दीनदयाळ आणि सन्स’ असेल, तर फोटो किताबापूर्वीचा आणि हा विशिष्ट छाप नंतरचा, असे अनुमान निघते. पुठ्ठ्यावर मुंबईचा पत्ता असेल तर १८९६च्या आधी तो पुठ्ठा असणे शक्य नाही. एकाच वस्तूवरच्या दोन खुणा दोन वेगळ्या वेळा सांगतात. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. बोर्नच्या कामाचे नशीब वेगळे. तो १८७०मध्ये भारत सोडून गेला, त्याच्या निगेटिव्हवरून ‘बोर्न अँड शेफर्ड’ने पुढे कित्येक वर्षे छाप काढून विकले, आणि १९९१च्या आगीत कलकत्त्याच्या त्या स्टुडिओचे बरेचसे भांडार जळाले. जगभर विखुरलेले छाप मात्र आपापल्या कोपऱ्यातला आकडा सांभाळून आहेत, आणि त्या आकड्यांवरूनच अभ्यासक त्यांना पुन्हा ओळीने लावू शकतात. फोटो चोरीला जाऊ नये म्हणून टाकलेल्या खुणेने हे काम झाले नसते. ते झाले कारण खूण छोटी, क्रमांकाची आणि चित्राच्या आत होती.

चित्राच्या आत की बाहेर, हा भेद महाराष्ट्रातल्या एका छापखान्याला महागात पडला. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८पासून रंगीत शिळाप्रेस चित्रे घरोघर पोचवलीच होती. राजा रविवर्म्याने १८९४मध्ये गिरगावात छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. तिथल्या छापील चित्रांच्या खालच्या पट्टीत ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ अशी ओळ असे. लक्ष्मी आणि सरस्वती देव्हाऱ्यात गेल्या, कुणी त्यांना जर-टिकल्या लावल्या, कुणी कापडाची साडी चिकटवली, चौकटीत बसवताना कडा कातरल्या गेल्या, आणि ती ओळ गेली. दुसऱ्या छापखान्यांनी त्याच आकृती पुन्हा काढल्या, कॅलेंडरांवर आणि कापडाच्या ताग्यांवरच्या लेबलांवर त्या फिरल्या. रविवर्म्याचे नाव टिकले ते चित्रांच्या अफाट प्रसिद्धीने. ज्या कारागिरांनी दगडावर रंगागणिक आकृती उतरवली त्यांची नावे पट्टीत नव्हतीच. कडेची खूण चित्राला त्रास देत नाही, पण ती पहिल्या कातरीला बळी पडते. ही अडचण खरी आहे आणि पुढच्या काळातल्या सगळ्या खटपटी तिच्यातूनच निघाल्या.

संगणकावर चित्रात चित्र मिसळण्याचे गणित १९८४मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी मांडले. प्रत्येक बिंदूच्या रंगाबरोबर तो किती अपारदर्शक आहे याचाही आकडा ठेवायचा, ही त्यातली कळीची गोष्ट. फोटोशॉप १९९०मध्ये आले, त्यात लेयर १९९४मध्ये आले, आणि पारदर्शकता सांभाळणारी पीएनजी फाइल १९९६मध्ये. लोगोचा वॉटरमार्क घरोघर शक्य झाला तो या तीन गोष्टी जुळल्यावर. आणि त्याच सुमारास याचा एक अतिशय विचारपूर्वक केलेला प्रयोग व्हॅटिकनच्या ग्रंथालयात झाला. आयबीएमच्या मदतीने तिथली मध्ययुगीन हस्तलिखिते स्कॅन होत होती. अभ्यासकांना अक्षर न् अक्षर वाचता आले पाहिजे, पण ही पाने कुणी परस्पर पुस्तकांत छापून विकू नयेत, अशी दुहेरी गरज होती. गॉर्डन ब्रॉडवे, कॅरन मेजरलीन आणि फ्रेड मिंट्झर यांनी १९९६मध्ये आपली रीत प्रसिद्ध केली: ग्रंथालयाच्या शिक्क्याची आकृती पानावर मोठी पसरायची, पण रंग बदलायचा नाही, फक्त त्या आकृतीखालच्या बिंदूंचा उजळपणा कमी-जास्त करायचा. त्यामुळे शाईचा लाल लालच राहतो, सोने सोनेच राहते, आणि शिक्का उजेडाच्या फरकाने दिसतो. कागदातल्या तारेची खूणही उजेडाच्या फरकानेच दिसते. शिवाय त्यांनी या फरकात बिंदूगणिक थोडा अनियमितपणा पेरला, म्हणजे शिक्का वजा करून काढणे अवघड व्हावे.

तो अनियमितपणा का लागतो, हे साध्या अंकगणिताने कळते. फोटोतल्या बिंदूचा उजळपणा ० ते २५५ मध्ये मोजतात. पांढरा लोगो, म्हणजे २५५, तीस टक्के अपारदर्शकतेने ठेवला तर नवा आकडा होतो फोटोचा सत्तर टक्के अधिक ७६.५. आभाळातला २०० चा बिंदू साधारण २१७ होतो. सावलीतला ४० चा बिंदू १०५ च्या आसपास जातो. म्हणूनच पांढरा लोगो सावलीत ठळक दिसतो आणि आभाळात विरतो, आणि म्हणूनच जाणकार लोक लोगोला बारीक गडद कड देतात किंवा नुसता उठाव ठेवून आतला रंग काढून टाकतात. पण हेच गणित उलट दिशेनेही चालते. लोगो आणि टक्केवारी माहीत असेल तर ७६.५ वजा करा, सत्तर टक्क्यांनी भागा, मूळ बिंदू जवळजवळ परत मिळतो. आणि लोगो माहीत करून घेणे अवघड नाही: एकाच लोगोचे हजार फोटो एकावर एक ठेवून सरासरी काढली की बदलते ते सगळे धूसर होते आणि न बदलणारा लोगो तेवढा वर येतो. गूगलच्या टाली डेकेल, मायकेल रुबिनस्टाइन, त्से लिऊ आणि विल्यम फ्रीमन यांनी २०१७मध्ये हेच फोटो विकणाऱ्या संस्थांच्या संग्रहांवर करून दाखवले. संगणकाने वॉटरमार्क आपोआप सोलून काढले. त्यांनीच उपायही सुचवला: दर फोटोगणिक लोगो अगदी किंचित, डोळ्यांना कळणार नाही इतका, वेडावाकडा करायचा. फाब्रियानोच्या साच्यातली तार आपोआप सरकत होती, ती इथे मुद्दाम सरकवायची. तरीही हा उपाय तात्पुरताच आहे, कारण आज मोबाइलवरचे साधन लोगोखालचा भाग मूळ आकडे न शोधताच, आजूबाजूला बघून नव्याने रंगवून देते. कुलूप म्हणून वॉटरमार्कचा इतिहास इथे संपल्यात जमा आहे.

यावर फोटो विकणाऱ्या संस्थांचे उदाहरण देऊन कुणी म्हणेल की मधोमध ठसठशीत वॉटरमार्क टाकूनच तर त्यांचा धंदा चालतो. चालतो, हे खरे. पण तिथे वॉटरमार्क असलेली प्रत म्हणजे नमुना असते. गिऱ्हाईक पैसे देते आणि स्वच्छ प्रत घेऊन जाते. खूण तिथे ‘याची किंमत अजून चुकती व्हायची आहे’ एवढेच सांगते, आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाला तेवढे सांगणे पुरते. स्वच्छ प्रत कुठेच मिळणार नसेल, फोटो लोकांनी पाहावा एवढाच हेतू असेल, तर मधोमध लोगो टाकणारा छायाचित्रकार चोराचे नुकसान करत नाही, पाहणाऱ्याचे करतो. सह्याद्रीतल्या पहाटेच्या फोटोवर आडवा राखाडी पट्टा असला की कड्याची रेषाच तुटते. ज्या कामासाठी तो माणूस अंधारात गड चढला ते कामच त्याने स्वतःच्या हाताने खोडले. हे बघताना खरोखर वाईट वाटते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोपऱ्यातली छोटी खूण कातरता येते, मग तिचा उपयोग काय? याचे उत्तर कायद्यात आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने ६५-बी हे कलम आले. हक्कांविषयीची माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. या माहितीच्या व्याख्येत कर्त्याचे नाव आणि हक्कदाराचे नाव-पत्ता येतो. फोटो खुणेविना उचलला तर ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणायला जागा राहते. खूण कातरून उचलला तर कातरणे हाच जाणूनबुजूनपणाचा पुरावा होतो, अर्थात खूण असलेली मूळ प्रत आपल्याकडे जपलेली असेल तर. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: लोगोत नुसता कॅमेरा किंवा उडता पक्षी न ठेवता वाचता येईल असे नाव असावे, आणि तो फोटोच्या अगदी कडेला न ठेवता अशा जागी ठेवावा जिथून तो कातरताना चित्राची मांडणी बिघडेल. बोर्न आणि दीनदयाळ यांनीही खूण चित्राच्या आतच ठेवली होती.

मात्र कर्त्याची खूण वेगळी आणि राखणदाराची वेगळी. व्हॅटिकनचा शिक्का तांत्रिक दृष्ट्या कितीही सुंदर असला, तरी तो ज्या पानांवर बसला ती पाने ग्रंथालयाने लिहिलेली नव्हती. जुन्या फोटोंवर आणि दस्तऐवजांवर आज अनेक संस्था आपला लोगो आडवा टाकतात, आणि कॉपीराइटची मुदत कधीच संपलेल्या चित्रावर मालकीचा भास निर्माण करतात. जपण्याचा, स्कॅन करण्याचा खर्च त्यांनी केला, त्याची नोंद व्हावी, हे रास्त आहे. पण ती पट्टीत व्हावी. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमने उलटा रस्ता धरला. व्हर्मीरच्या ‘दूध ओतणारी बाई’ या चित्राच्या पिवळट, वाईट नकला इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या की संग्रहालयातल्या खऱ्या रंगाच्या पोस्टकार्डावर लोकांचा विश्वास बसेना. संग्रहालयाने २०१२पासून आपली उत्तम प्रतीची चित्रे कोणत्याही खुणेविना मोकळी करायला सुरुवात केली. चांगली प्रत मूळ ठिकाणीच सहज मिळते म्हटल्यावर लोक उगमाकडे येतात, हा त्यामागचा हिशेब. ज्याचे पोट फोटोंवर आहे त्या माणसाला हे परवडणार नाही, आणि त्याने तसे करावे असेही नाही. सार्वजनिक ठेव्याला मात्र हेच शोभते.

खुणेची साक्ष सर्वांत अनपेक्षित रीतीने उभी राहिली ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात. स्टेबल डिफ्यूजन या चित्रे बनवणाऱ्या प्रणालीने काढलेल्या काही चित्रांत गेटी इमेजेसचा वॉटरमार्क, अक्षरे विरघळलेला पण ओळखू येईल असा, उमटलेला आढळला. लाखो फोटोंवर एकच खूण पाहून यंत्राने तिलाच चित्राचा भाग समजून शिकून घेतले होते. गेटीचे फोटो वापरले गेल्याची साक्ष खुणेनेच दिली. लंडनच्या हायकोर्टाने नोव्हेंबर २०२५मध्ये गेटीच्या दाव्यावर निकाल दिला: कॉपीराइटविषयीचा उरलेला दावा फेटाळला, आणि वॉटरमार्क उमटलेल्या थोड्या चित्रांपुरता ट्रेडमार्कचा भंग मान्य केला. न्यूरेंबर्गच्या निवाड्यानंतर पाचशे तेरा वर्षांनी न्यायासनाने पुन्हा चित्रापेक्षा खुणेलाच जास्त सहज संरक्षण दिले. फोटोग्राफरच्या बाजूने पाहता हा न्याय अपुरा आहे, आणि तो पुरा व्हायला नवे कायदे लागतील.

फाइलच्या आत न दिसणारी माहिती ठेवण्याचे उपायही पुढे येत आहेत. कॅमेऱ्यातच फोटोला सही जोडणारी कंटेंट क्रेडेन्शियल्सची व्यवस्था लायकाने ऑक्टोबर २०२३मध्ये बाजारात आणली, आणि बातमीच्या फोटोसाठी ती फार मोलाची ठरेल. पण मराठी घरांत फोटो फिरतो तो मुख्यतः व्हॉट्सॲपवरून, आणि तिथे फोटो म्हणून पाठवताना फाइल दाबली जाते, तिच्यातली नाव-तारखेची माहिती गळून पडते; पाचव्या ग्रुपमध्ये पोचेपर्यंत उरतात ते फक्त दिसणारे बिंदू. त्या बिंदूंत छायाचित्रकाराचे नाव, वाचता येईल एवढे आणि चित्राला न दुखवेल एवढे, बसवलेले असेल तरच ते सोबत जाते.